झाकणाला चीर पाडलेला डबा

परवा कपाट आवरताना बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा सापडला, झाकणाला मीच चीर पाडलेला. नव्वदच्या दशकात मी घणसोलीकडच्या शाळेत शिकवायचे. माझ्या वर्गात निम्मी मुलं तळवली गावातली, निम्मी गावाच्या, सरकारने घेतलेल्या शेतांवर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांतली, रोज मारामारी. मी सांगितलं, हात उचलण्याआधी तीन वाक्यं लिहून डब्यात टाका: काय झालं, काय वाटलं, काय हवं. माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. गावातल्या एका मुलीने लिहिलं, ‘बाबांनी सोसायटीचा पाण्याचा पाईप फोडला. मला भीती वाटते. भांडण थांबायला हवं.’ ‘मुलांचं अक्षर बघते गं,’ म्हणून मुख्याध्यापिकेने डबा मागितला. जुनी मैत्रीण, म्हणून मी दिला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे होती आणि मुलीचे वडील पोलीस चौकीत. मी मुख्याध्यापिकेला जाब विचारला, तर म्हणाली, ‘अगं, लोकांचं पाणी बंद होतं!’ आठवड्याने मुलगी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. माझ्यासमोर उभी राहून, शिकवलं होतं अगदी तसंच, आवाज न चढवता म्हणाली, ‘बाई, तुमी माजी चिठी दावली. मना लय वाईट वाटला. मना ती परत पायजे.’ चिठ्ठी माझ्याकडे नव्हती. ती तीन वाक्यं मी आजही शिकवते; लिहून मात्र घेत नाही.