इन्स्पेक्शन रूमचा कॉम्प्युटर अपग्रेड केला तेव्हा…

गेल्या सोमवारी भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शन रूमचा कॉम्प्युटर नवीन ऑपरेटिंग सिस्टिमवर सुरू केला. ही काही पोस्ट टाकण्यासारखी बातमी नाही, मला माहितीय… पण त्यानंतर जे झालं ते आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

सासरे गेल्यापासून शॉप मी बघते. चाकणच्या कंपन्यांसाठी आम्ही ब्रेकचे छोटे पार्ट बनवतो. तयार मालातले काही पार्ट मोजायच्या मशिनवर ठेवायचे, शेजारच्या कॉम्प्युटरवर त्या पार्टचं नाव निवडायचं. माप बरोबर असेल तर स्क्रीनवर हिरवी चौकट, चुकलं तर लाल.

हे काम बाळूकाका करतात. चाकणजवळच्या गावातले, घरची थोडी शेती, आणि सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे. माझं लग्न व्हायच्या आधीपासून ते त्या खुर्चीत बसतायत.

मागच्या दिवाळीपासून त्या कॉम्प्युटरवर एक मेसेज यायचा… ही सिस्टिम जुनी झाली, हिला आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, नवीन घ्या. कधी काकांनी मला हाक मारायची, कधी मी जाता-येता बघायचे, आणि दर वेळी ‘नंतर’वर क्लिक करायचे. चालू मशिनला हात लावायचा नाही, ही आमच्या शॉपची शिस्त.

नव्या सिस्टिमला असं काय सोनं लागलंय, असं मी मेंटेनन्सवाल्या देशपांडेंना तोंडावर विचारलं होतं. ते बिचारे प्रामाणिक माणूस. म्हणाले, मॅडम, तुमच्या कामात फरक काहीच पडणार नाही, फक्त सुरक्षित राहाल. फरक पडणार नाही म्हटल्यावर मी विषयच संपवला.

काका तर पहिल्यापासून विरोधात. ‘ह्यो चांगला हाय मॅडम, ऱ्हाऊ द्या की.’ अपग्रेडचा विषय निघाला की ते चहाला उठून जायचे. मला बरंच वाटायचं… माझ्या टाळाटाळीला एक अनुभवी माणूस साथ देतोय म्हणून.

मग एका कंपनीचं ऑडिट ठरलं. जुन्या सिस्टिमचा एकही कॉम्प्युटर चालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. झक मारत हो म्हटलं. रविवारी देशपांडेंनी येऊन सगळं बसवलं, आमचं मोजायचं सॉफ्टवेअरही जसंच्या तसं चालू झालं, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

सोमवारी सकाळी काका खुर्चीत बसले, मी मागे उभी. नव्या सिस्टिमचं सुरुवातीचं बटण डाव्या कोपऱ्यातून मधे आलंय. काका डाव्या कोपऱ्यातच क्लिक करत राहिले… एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. दर वेळी तिथं हवामानाची माहिती उघडायची. मी वैतागून म्हटलं, अहो काका, समोर तर दिसतंय.

शेवटी मीच माउस फिरवून बटण दाबलं. पार्टची यादी उघडली. देशपांडेंनी सगळं नव्याने बसवल्यामुळे यादीचा क्रम बदलला होता. काकांनी सवयीने वरून तिसऱ्या नावावर क्लिक केलं… आणि ते भलत्याच पार्टचं नाव होतं.

आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, काका, तिथं काय लिहिलंय?

त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, ‘न्हाई दिसत, मॅडम. लई दिस झालं. घरी बसवाल म्हून बोललो न्हाई.’

कुठलं बटण कुठे, कुठला पार्ट कितव्या ओळीत, हे सगळं त्यांना पाठ होतं. हिरवा आणि लाल रंग तेवढा कळायचा. त्यावर ते महिनोन्‌महिने काम करत होते, आणि माझ्या लक्षात आलं नाही.

खरं सांगते, मला आधी दया नाही आली. भीती वाटली, आणि मग राग आला… ब्रेकचे पार्ट आहेत हो ते. त्या दिवशी मालाची एकही गाडी बाहेर सोडली नाही. स्टोअरमधला सगळा माल मी आणि दुसऱ्या ऑपरेटरने दोन दिवस बसून पुन्हा मोजला. आधी गेलेल्या मालाबद्दल कंपन्यांना फोन करून खरं ते सांगितलं. सगळीकडे माल बरोबर निघाला. नशीब, दुसरं काय म्हणणार.

बुधवारी काकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. शुगर डोळ्यात उतरली होती. कधीपासून कमी दिसतंय असं डॉक्टरांनी विचारलं, काका म्हणाले दिवाळीच्या आसपास सुरू झालं. उजवा डोळा उपचारांनी टिकेल… डाव्याला उशीर झालाय. दिवाळीतच आला असतात तर दोन्ही वाचले असते, असं डॉक्टर सहज बोलून गेले.

परत येताना गाडीत काकांनी माझी माफी मागितली. आपल्यामुळे शॉपचं नाव खराब झालं असतं, म्हणाले. मी गाडी चालवत होते आणि मनात महिने मोजत होते. पहिल्यांदा तो मेसेज आला त्याच आठवड्यात मी हो म्हटलं असतं, तर सोमवारी जे उघड झालं ते तेव्हाच झालं असतं.

काकांना घरी बसवलेलं नाही. उपचार झाले की ते गेजने, म्हणजे ठरलेल्या मापाच्या दांडीने, पार्ट तपासायचं काम बघतील. पार्टमध्ये गेज बसतो की नाही ते बोटांना कळतं, त्यात वाचायचं काही नसतं. आणि नवीन सिस्टिम कशी आहे म्हणाल, तर देशपांडे म्हणाले तशीच… कामात काही फरक नाही.

मी तुमच्याबद्दल लिहिलं तर चालेल का, असं काल काकांना विचारलं. ‘लिवा की’, म्हणाले. त्यांची सून आज त्यांना हे वाचून दाखवणार आहे.

काका, गाडीत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. माफी तुम्ही नाही, मी मागायला हवी होती.