ठेकेदाराचं बेट

आमच्या लाँड्रीत एक नियम आहे. कपडा आला की आधी खिसे तपासायचे आणि खिशात जे सापडेल ते छोट्या पाकिटात घालून, कपडा तयार झाल्यावर हँगरला टाचून परत द्यायचं. मग ती किल्ली असो, तुटलेलं बटण असो, नाहीतर कागदासकट चिकटलेली खोकल्याची गोळी असो. हा नियम माझ्या मावशीचा. तिच्या मते खिसा म्हणजे माणसाचं अर्धं घर, आणि दुसऱ्याच्या घरातली वस्तू आपण ठेवून घ्यायची नसते. अपवाद एकच, वाळूचा. "वाळू कोणी परत मागत नाही," असं म्हणत ती खिसा उलटा करायची, वाळू कागदावर झटकायची आणि खिडकीतल्या बरण्यांमध्ये ओतायची.

त्या बरण्या मी लहानपणापासून बघत आले. एकीत पिठासारखी पांढरी वाळू, एकीत करडी, एकीत अगदी काजळासारखी काळी. सुट्टीवर जाऊन आलेल्या लोकांच्या खिशांतून, पँटच्या दुमडींमधून, टॉवेलांच्या शिवणींतून जमलेली. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं की बरण्यांचे रंग काउंटरवर पडायचे, आणि मावशी पावत्या फाडता फाडता मध्येच थांबून त्या रंगांवर हात ठेवायची. गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं आहे याचं तिला भान नसायचं. मी खाकरायचे, तेव्हा कुठे ती परत यायची.

काउंटर मावशीचं आणि मागची प्रेसची खोली काकांची, अशी वाटणी होती. मागे जुना बॉयलर होता. त्याच्या वाफेवर काकांची मोठी प्रेस चालायची. पायाने पेडल दाबलं की फस्स करून वाफ सुटायची आणि काका दिसेनासे व्हायचे, फक्त त्यांचा आवाज यायचा. खांद्यावर कायम एक निळा पंचा, घाम पुसायला. भिंतींवरून पाणी ओघळायचं, खिडकीची काच कधी कोरडी म्हणून मी पाहिली नाही. लग्नानंतरची सगळी वर्षं मावशीने नवऱ्याशी संसार केला तो असा, धुक्यातल्या माणसाशी बोलत.

रविवारी दुकान बंद. मग दोघं इस्त्रीच्या लांब टेबलावर चहा घेऊन बसायचे, बरण्या खाली काढायचे आणि सुट्टीला कुठे जायचं ते ठरवायचे. बेटावर जायचं, गरम हवेच्या, यावर दोघांचं एकमत होतं. पुढे मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य.

मावशीला जंगल हवं होतं. जिथे रोज पाऊस पडतो, झाडावर झाड वाढतं आणि खाली दुपारीही हिरवा अंधार असतो, तसलं. "वाळू मी रोज लोकांच्या खिशांतून उपसते," ती म्हणायची. "सुट्टीतही वाळूच बघू?"

काका चहाचा कप खाली ठेवायचे. "अगं, आयुष्यभर वाफेत उभा राहिलो. आता सुट्टीत पैसे भरून पुन्हा वाफेतच नेतेस? मग इथेच खुर्ची टाकून बसतो की. मला मोकळा समुद्र पाहिजे. वारा पाहिजे. अनवाणी चालीन."

"मग चाला एकटेच."

"तू जंगलात जा. संध्याकाळी भेटू."

म्हणजे दोन्ही असलेलं बेट शोधायचं ठरलं. आता बेटं काही कमी नाहीत, पण मावशीचा फोटोंवर विश्वास नव्हता. "फोटोला वास नसतो," हे तिचं ठाम मत. तिचा विश्वास खिशांवर. एकाच माणसाच्या एका खिशात वाळू आणि दुसऱ्यात पान सापडलं, तर ते आपलं बेट.

आणि एकदा सापडलंच. थंडीचे दिवस होते. एक नवं गिऱ्हाईक यायला लागलं, धिप्पाड, अबोल माणूस. पँटच्या खिशात भरपूर वाळू, जाड, सोनेरी झाक असलेली. शर्टाच्या खिशात नेच्याचं पान, कधी एखाद्या वेलीचं टोक. मावशीने ते पान काकांच्या नाकाला लावलं. काका म्हणाले, "ओलं आहे. ताजं आहे." पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, पुन्हा वाळू, पुन्हा पान. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. बरणी भरत आली. दर आठवड्याला माणूस बेटावर जाऊन येतो कसा, हा प्रश्न दोघांना पडला नाही असं नाही. पण काका म्हणाले, "असतात लोक. जवळच असेल." आणि मावशीला ते पटलं! ती थंडी त्यांनी त्या बेटावर काढली म्हणा ना. कुठल्या बाजूला समुद्र, कुठून जंगल सुरू होतं, खोलीची खिडकी कुठे उघडते, सगळं टेबलावर खडूने आखून झालं. खडू कपडे आखायचा, एकदा वाफ लागली की पुसला जाणारा. दर रविवारी बेट नव्याने काढावं लागायचं आणि दर वेळी ते थोडं मोठं व्हायचं.

शेवटी मावशीने धीर करून त्या माणसाला विचारलंच, "आपण जाता ते बेट कुठलं हो?"

तो गोंधळला. "कसलं बेट, ताई? मी ठेकेदार आहे. बागेत काचघर बांधतोय, गरम देशांतली झाडं ठेवायला."

वाळू सिमेंटात कालवायची होती. पानं कुंड्यांतली.

मागून वाफेतून काकांचं हसू आलं. इतके हसले की पेडलवरचा पाय सुटला आणि एका वकिलाच्या सदऱ्याची कॉलर वाकडी झाली. मावशी पुढचे दोन दिवस फुगून बसली, मग तीही हसायला लागली. बरणी मात्र कोणी टाकली नाही. उलट त्या दिवसापासून घरात शब्दच रूढ झाला. गिऱ्हाइकाने डोकं खाल्लं, अंग दुखलं, शिंप्याने कपडे उशिरा पाठवले, की दोघांपैकी एक जण म्हणायचं, "चल, ठेकेदाराच्या बेटावर जाऊ." आणि दुसरं म्हणायचं, "चपला घालू की अनवाणी?" मला वाटतं, जगातल्या कुठल्याही खऱ्या बेटावर ती दोघं इतकी राहिली नसती.

मग काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. तो निळा पंचा खुर्चीच्या पाठीवर वाळत होता.

प्रेसवर मी उभी राहिले, कारण दुसरं कोणी नव्हतं आणि मला ते काम येत होतं. रविवारी मावशी एकटीच बरण्या काढून बसायला लागली. मला वाटलं, बरं झालं, मन रमतंय. तिच्या मुलीने, माझ्या मावसबहिणीने, दुरून फोन केला, "आई, आता तरी जाऊन ये. तू फक्त जागा सांग, बाकी सगळं मी बघते." आता अडायला काही कारण नव्हतं. समुद्राचा हट्ट धरणारा माणूस राहिला नव्हता. मावशीने सरळ जंगल निवडायचं, पिशवी भरायची आणि निघायचं.

पण ती निवडेचना. अमुक बेटाचं जंगल उत्तम, पण किनारा गोट्यांचा आहे, अनवाणी कसं चालणार? तमुक ठिकाणी वाराच नाही म्हणे. तिसरीकडे वाळू इतकी तापते की पाय भाजतात. मी ऐकून ऐकून विटले. माझं डोकं तसंही लवकर तापतं, सगळे म्हणतात बॉयलरशेजारी वाढल्याचा परिणाम. एका रविवारी मी बोलले, "मावशी, कुणाच्या पायांची काळजी करतेस तू? काका आता नाहीत."

तिने बरणीचं झाकण लावलं. "मला माहीत आहे. ते तू सांगायला नको."

"मग?"

"मग काय? जागा ठरली की भांडण संपलं. आणि भांडण संपलं की मी रविवारी बोलू कुणाशी?"

मी कप विसळायला उठले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, की ही बाई आता या टेबलापाशीच म्हातारी होणार. बेट निवडत राहणार आणि कधीच कुठे जाणार नाही.

सोडवणूक झाली ती बॉयलरमुळे. तपासणीला आलेल्या माणसाने टाकीवर हातोडीने टकटक केलं, कान लावला आणि मान हलवली. हा काढावा लागेल, नवा बसवा, नव्याला वाफ बाहेर सोडावी लागत नाही. आठवडाभर दुकान बंद. संध्याकाळी मावशी मागच्या खोलीत गेली, बॉयलरच्या गरम पत्र्यावर तळहात ठेवून उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "हा उपटताना मला बघायचं नाही. मी जाते कुठेतरी."

त्याच सुमारास चष्म्याच्या दुकानवाल्याचा कोट आला होता, नुकताच बेटावरून आलेला. बाहेरच्या खिशात पांढरी वाळू, कडेला लाल चिखल. या वेळी मावशीने आधी खात्री करून घेतली. "बांधकाम वगैरे नाही ना करत तुम्ही?" तो बिचारा नाही म्हणाला. "समुद्रापासून जंगल किती लांब?"

"लांब कसलं? पाय समुद्रात ठेवून डोकं जंगलात ठेवता येईल."

"ठीक आहे," मावशी म्हणाली, आणि त्याच दिवशी मुलीला फोन करून जागा सांगितली. पिशवीत चार कपडे, छत्री, आणि सगळ्यात वर घडी केलेला निळा पंचा. "यांना समुद्राची हवा खायची होती," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मी पिशवीची चेन लावून दिली.

ती परत आली तेव्हा नवा बॉयलर बसला होता. पांढरा, कपाटाएवढा, मुका. मागची खोली कोरडी ठणठणीत. खिडकीतून पलीकडच्या गल्लीतलं सायकलींचं दुकान स्पष्ट दिसत होतं, इतकी वर्षं तिथे दुकान आहे हेच मला माहीत नव्हतं. मावशी दारात उभी राहून बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. पण ती वळली, काउंटरच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि गिऱ्हाइकासारखी आपली पिशवी माझ्यापुढे ठेवली.

"घ्या धुवायला."

मी नियमाप्रमाणे खिसे तपासले. एका खिशातून पान निघालं, तळहाताहून मोठं, अजून ओलसर. दुसऱ्यातून दुसरं पान. मी खिसे उलटे केले, शिवणी झटकल्या, टॉवेलही झाडून पाहिला. कागदावर वाळूचा एक कण पडला नाही.

"समुद्रावर गेलीस की नाही?"

"गेले ना. पहिल्याच दिवशी गेले. पंचा अंथरला, शेजारी बसले." ती स्टुलावर टेकली. "छान होतं गं. वारा होता, मोकळं होतं, सगळं त्यांच्या मनासारखं. मी वाट बघत बसले. पण नुसताच समुद्र. दुसरं कोणी नाही."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी जंगलात गेले. वाटाड्या होता बरोबर. चार पावलं आत गेलो आणि चष्म्यावर वाफ धरली. काही दिसेना. वरून टपटप पाणी, गरम ओला वास, मानेवर घाम. आणि कुठेतरी फस्स झालं. पाऊस सुटला असेल पानांवर. माझ्या तोंडून निघून गेलं, 'अहो, हळू, कॉलर जळेल!' वाटाड्या बघायलाच लागला." मावशी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, ते तिने पुसले नाहीत. "मग रोज तिथेच जाऊन बसले. एका झाडाखाली बसायला बाक होता. पंचा खांद्यावर टाकायचे आणि बोलत बसायचे. खूप बोललो."

"आणि समुद्र?"

"तिथे त्यांना करमेना."

मी दोन्ही पानं पाकिटात घातली, वर तिचं नाव लिहिलं आणि तिच्या झग्याच्या हँगरला टाचली. पंचा तेवढा तिने धुवायला दिला नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. जुन्या बॉयलरचा नळ जिथून भिंतीबाहेर जायचा तिथे भोक राहिलं होतं, ते बुजवायचं होतं. त्याच्याजवळ सिमेंट होतं, पण वाळू कमी पडली. एवढ्याशा कामाला कुठे जाऊ, म्हणून कुरकुरायला लागला. मावशी काउंटरमागून उठली. खिडकीतल्या बरण्यांवरून तिचा हात फिरला आणि जाड, सोनेरी झाक असलेल्या वाळूच्या बरणीवर थांबला. मी "मावशी, ती नको," म्हणेपर्यंत तिने ती गवंड्याच्या घमेल्यात पालथी केलीसुद्धा.

गवंड्याने चिमूटभर वाळू बोटांत चोळून पाहिली. "चांगली आहे की. कुठली?"

"आमच्या बेटावरची," मावशी म्हणाली. "नीट बसवा."