कोपरावरचा पापुद्रा

फॉर्मॅलिनचा वास एकदा नाकात बसला की आंघोळ करूनही जात नाही. सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका इस्पितळात, प्रयोगशाळेत मी नोकरीला होते, तेव्हा माझ्या डब्यातल्या भाकरीलाही तो वास यायचा. एका वर्षी तर मी दिवसभर त्याच बाटलीशी झटत होते, कारण वॉर्डात माझी वहिनी पडली होती.

भाऊ फौजेत, लांब सरहद्दीवर. वहिनी कराडजवळच्या आमच्या गावी, आईपाशी. गुऱ्हाळावर काहिलीतल्या रसावरची मळी काढताना उकळता रस उसळला आणि तिचा उजवा हात मनगटापासून दंडापर्यंत भाजला. आईनं तिला तशीच ट्रकमध्ये घालून सांगलीला आणलं. बाकीचा हात हळूहळू सुकत आला, पण कोपर काही भरेना. सर्जनसाहेबांनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "लवकर कातडी धरली नाही, तर हात कायमचा काठीसारखा राहील." शेतकऱ्याच्या घरची बाई, आणि उजवा हात! माझं डोकंच चालेना.

साहेबांना त्या दिवसांत एक नाद लागला होता. मेंढीचं आतडं आणायचं, सुरीच्या पाठीनं आतून-बाहेरून खरवडायचं, की मधे कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ पडदा उरतो. तो धुऊन, निर्जंतुक करून जखमेवर पसरायचा. भोपळ्याच्या वेलाला मांडव घालतो ना, तसं. नवी कातडी त्याच्या आधारानं सरकते, आणि काम झालं की पडदा आपोआप जिरून जातो. अडचण एवढीच, की नुसता पडदा लगेच विरघळतो. म्हणून त्याला थोडा वेळ सौम्य फॉर्मॅलिनमध्ये ठेवून कणखर करायचं. किती कणखर, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. ते शोधणं माझ्याकडे होतं.

पहिला पडदा बसवला. दोन-तीन दिवसांनी साहेबांनी पट्टी सोडली, तर चिंध्या! "टिकत नाही. अजून कडक कर," म्हणाले. मी वेळ वाढवली. दुसराही फाटला. मला झोप लागेना, जेवण जाईना, शिपायावर उगीच खेकसत होते. तिसरा पडदा मी इतका मुरवला, की तो वाळल्यावर पापडासारखा वाजला. वहिनी दात आवळून म्हणाली, "वन्सं, टोचतंय वो." त्याच्या कडा मांसात रुतल्या होत्या. अंगानं तो धरलाच नाही, परक्यासारखा बाहेर ढकलला. कमी केलं तर फाटतंय, जास्त केलं तर टोचतंय. करायचं तरी काय? मी खिडकीपाशी जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे.

चौथा पडदा बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतली वीज गेली. बसवेना, म्हणून भेटायच्या वेळेतच वॉर्डात गेले. एरवी त्या वेळी मी कामात असायचे.

बघते तर काय! आई वहिनीच्या हाताची पट्टी उलगडत बसलेली. समोर वहिनीची मावशी, माण तालुक्यातून एसटीनं आलेली, मान पुढं काढून बघतेय. पट्टीबरोबर माझा पडदा हळूच वर उचलला जात होता.

मी अशी ओरडले की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "आई! अगं काय करतेस? तरी म्हटलं दरवेळी फाटतोय कसा!"

"लांबनं आल्यात गं त्या. बघू द्या म्हनल्या," आई म्हणाली.

"म्हणून सोडायची? आणि याआधी किती जणांना जखम दाखवलीस?"

"येतंय त्येला दावती." आईनं पट्टी परत गुंडाळायला घेतली. तिचा हात एवढा साफ, की सिस्टरलाही कधी कळलं नव्हतं.

मावशी गेल्यावर मी तोंड सोडलं. काय काय बोलले! अडाणी म्हटलं, सुनेच्या हाताची वैरीण म्हटलं. आईनं सगळं ऐकून घेतलं, मग एकदम फणकारली. "गावात काय बोलत्यात ठावं हाय का तुला? ल्योक तिकडं बंदूक घिऊन हुबा, आन् हिकडं सासूनं सून जाळली. तोंडबी जळालंय, म्हनून सांगलीला नेऊन दडवलीया म्हनं. रसाचा चटका हाय का जाळाचा, बघितल्यावर कळतंय लोकास्नी. मग दावू नको तर काय करू? सांग की!"

मी पट्टीचं सुटलेलं टोक परत खोचलं.

वहिनी हळूच म्हणाली, "आत्याबाईंना बोलू नगा. मीच सोडा म्हनते. पयल्यांदा माझी आयच इचारून गेली, पोरी, खरं सांग म्हनून."

मी खाटेच्या कडेला बसले आणि ढसाढसा रडले. मग आमचं ठरलं. पट्टी सुटणार नाही. येईल त्याला वहिनीनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, रस कसा उसळला ते. तिनंही सांगितलं, अगदी न कंटाळता. "आत्याबाईंनी मला मांडीवर घिऊन आनलं, व्हय," असं प्रत्येकाला. आई शेजारी बसायची, हात मांडीखाली दाबून. सवय मोडत नव्हती ना.

मी परत पहिल्याच पडद्याइतका मऊ पडदा केला. साहेबांनी तो बसवला, आणि या खेपेला पट्टी सोडली तेव्हा तो जागच्या जागी होता. कडा लसणाच्या सालीसारख्या सुटत होत्या, आणि खाली गुलाबी, नवी कातडी. पुढं हात वाकवायचा व्यायाम. वहिनी उशी चावायची, आणि मी व्हरांड्यात पळून जायचे.

इतके दिवस सकाळी आईच तिला कुंकू लावायची. डाव्या हातानं लावणं आईला चालत नव्हतं. घरी जायच्या दिवशी वहिनीनं करंडा स्वतः मागितला. उजवा हात इंचाइंचानं वर गेला आणि कपाळाला टेकला. कुंकू पार भुवईकडं सरकलं, अगदी वाकडं.

मी नीट करायला पदर पुढं केला. आईनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तसंच," ती म्हणाली. "एसटीत बसू दे तिला फुडं. बघू देत लोकं, तिचं तिनं लावलंय."