तीन उभ्या रेघा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, पोरीला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं, ते तर रोज माझ्यासमोर बसून चहा पितात. तुम्हाला का सांगते आहे — तेही मला नीट ठाऊक नाही. बसा जरा.

अड्याळला बाजाराच्या रस्त्यावर आमचं फोटोचं दुकान. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्या सुमारास ह्यांनी ते टाकलं. हे सातवी शिकलेले, मी बारावी. म्हणून घरात वाचायचं काम माझं, असं लग्नानंतरच ठरून गेलं. औषधाची चिठ्ठी असो, तहसीलचा कागद असो — "सुमन, पाहून दे ना." आणि खरं सांगू? मला ते फार आवडायचं. 'माहीत नाही' असं मी ह्यांच्यासमोर कधी म्हटलंच नाही.

मग बऱ्याच वर्षांनी ह्यांनी नागपूरहून एक कॅमेरा आणला. जुनाच, पण माझ्यापेक्षा लाडका! त्याच्यावर नाव होतं मार्क, आणि पुढे तीन उभ्या रेघा. मी सुपात तांदूळ निवडत होते. ह्यांनी विचारलं, हे काय म्हणायचं? मी मान वर केली न केली, आणि सांगून टाकलं — एकशे अकरा.

घड्याळातले रोमन आकडे शाळेत मीही घोकले होते हो! पण त्या घडीला डोक्यात आलंच नाही. तेवढंच असतं तर मी आज तोंड उघडलं नसतं. चूक कोणाकडून होत नाही?

हे मात्र खूश. लग्नाचं काम धरायला गेले की ऐटीत सांगायचे, आपल्यापाशी मार्क एकशे अकरा हाय. आसगावच्या एका नवरदेवाच्या बापाला तर तो आकडाच इतका शुभ वाटला की त्याने दुसऱ्या फोटोवाल्याला विचारलंसुद्धा नाही.

पुढे साकोलीला फोटोग्राफर मंडळींचा कार्यक्रम झाला. मीही गेले, नवी साडी नेसून. शेवटी माइकवरून कोणाला काही विचारायचं आहे का म्हणाले, तर हे उठले. "माह्या मार्क एकशे अकरामंदी —" पुढचं ऐकूच आलं नाही. सगळा हॉल हसत सुटला. माइकवरचा माणूसही हसत म्हणाला, थ्री म्हणतात काका, एकशे अकरा कोणी शिकवलं तुम्हाला?

मी शेजारीच होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही — मुद्दामच पाहिलं नाही. "मीच वाचलं जी तसं. शिकेल नाही ना मी," असं म्हणून खाली बसले.

मला पाठीशी घातलं त्यांनी. आणि मी?

परतताना एसटीत हे अगदी हळू म्हणाले, "जाऊ दे, सुमन. तुले बी मालूम नसन." माफ करून मोकळे झाले होते हो! आणि मी म्हटलं — "मी काहून तसं सांगीन? मी तर थ्रीच म्हटलं होतं. तुमच्याच ध्यानात नाही राहिलं."

इतकं सहज निघालं तोंडातून. भांडले असते तर बरं झालं असतं. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "असन. माह्यावालंच चुकलं असन." स्वतःच्या कानांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला ह्यांनी.

आधी हे रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्या अक्षरं जुळवत मोठ्याने वाचायचे, हौसेने. त्या दिवसानंतर एकही वाचली नाही. आपल्याले काही ध्यानात राहत नाही, असं आता लोकांना हसून सांगतात. वीस वर्षांमागची कोणती नवरी कोणत्या बाजूने छान दिसायची, हे ज्यांना आजही आठवतं, ते! माझा फार जीव आहे ह्यांच्यावर. तेव्हाही होता. तरी केलं.

परवा एक मुलगी वडिलांसोबत स्वतःच्या लग्नाचे फोटो ठरवायला आली. कॅमेरा कोणता, म्हणून तिने विचारलं. ह्यांनी तो जुना कॅमेरा काउंटरवर ठेवला, त्या रेघांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू सांग, सुमन. माह्या तोंडातून चुकीचं निघते."

मी सांगितलं. मार्क थ्री.