एक सुई बाकी

सुईत दोरा मीच ओवला होता, तोही तोंडात भिजवून. नाक गळत होतं, अंग कणकणत होतं, दोनदा मावशींच्या शेजारीच शिंकलोही. पण शिंप्याच्या दुकानात शर्टांचं काम गळ्याशी आलेलं. बटणांची काजं करणाऱ्या काजमावशींच्या डोळ्यांनी साथ सोडल्यापासून त्यांच्या सुया मी ओवून द्यायचो, आणि काज झालं की त्या दोरा दातांनी तोडायच्या. म्हणजे माझा ताप थेट घरपोच.

तिसऱ्या दिवशी मावशी तापाने पडल्या. मागोमाग त्यांचे यजमान, काका. काका म्हणजे एक जिना चढायला दोनदा बसणारा, जुन्या दम्याचा माणूस. आठ दिवस नाकाला नळी लावून दवाखान्यात होते. मी कॉलरी शिवतो म्हणून दुकानात मला ‘कॉलरा’ म्हणतात. त्या आठवड्यात ती हाक मला थट्टा वाटली नाही.

मावशी दुकानात परत आल्या तेव्हा मी सगळं कबूल केलं आणि बोलणी खायला मान खाली घालून बसलो. त्यांनी पिशवीतून एक वाटी काढली, तिच्यात ओला स्पंज. टेबलाच्या पायाला छोटी कात्री बांधली. नळापाशी साबणाची वडी ठेवली.

“दोरा इथे भिजवायचा, कात्रीने तोडायचा. शिंक आली तर कोपरात. ताप असला तर घरी झोपायचं. तुझ्या कॉलरीवाचून कोणी उघडं फिरत नाही.”

काकांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी आणि घरातल्यांनीही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इथे मावशी अडल्या. पस्तीस वर्षं बोटांत सुया टोचून घेतलेली बाई दंडातल्या सुईचं नाव काढलं की गार. आज काजं फार आहेत, उद्या पाहुणे आहेत. लसीनेच फ्लू होतो, असंही कुठूनसं ऐकून आल्या. शेवटी यंदा सर्दी-तापाचे दिवस सुरू व्हायच्या आधी काकाच म्हणाले, “तू नाही, तर मीही नाही.”

मग मात्र काकांबरोबर निमूट निघाल्या. धीराला म्हणून मला बरोबर घेतलं. नर्सबाईंनी समजावलं की लसीने फ्लू होत नाही, फार तर दंड दुखेल, थोडी कणकण येईल, आणि लसीचा गुण यायला दोन आठवडे जातील. मावशींनी डोळे मिटून माझं मनगट असं आवळलं की टोचलं मलाच.

“घाला,” त्या म्हणाल्या.

“कधीच घातली,” नर्सबाई म्हणाल्या.

मावशींनी दंड निरखला. “टाका बारीक आहे हो तुमचा.”

मावशींनी माझंही नाव लिहवलं होतं, पण माझी पाळी आली आणि लस संपली. सोमवारी या म्हणाले. माझा चेहरा इतका खुलला की मावशींच्या अधू डोळ्यांनाही दिसला. त्यानंतर दोन सोमवार गेले. एका सोमवारी कॉलरी फार होत्या, दुसऱ्या सोमवारी पाहुणे आले.

आता त्या आपली सुई आपणच ओवतात. दिव्याखाली धरून, दहादा चुकून. मी हात पुढे केला की सुई मागे घेतात.

“आधी तुझी सुई घेऊन ये. काका घरी रोज विचारतात, त्याने घेतली का.”