पहिल्या रांगेतले मामा

साऱ्या वऱ्हाडात माझ्या थोरल्या मामांइतक्या वेळा खुर्चीवरून उठवला गेलेला माणूस दुसरा झाला नसेल. सभा अकोल्याला असो की अमरावतीला, सरकारचे गोडवे गाणारी असो की सरकारच्या नावानं शंख करणारी, मामा तासभर आधी पोहोचत आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर ऐसपैस बसत. परीटघडीचं धोतर, डोक्याला गुलाबी रुमाल, करकर वाजणारा जोडा. अचलपूरबाहेर त्यांचा वांग्यांचा आणि शेवंतीचा मळा होता. पाहणाऱ्याला मात्र वाटावं, अध्यक्ष वेळेआधी आले. पुढे खुर्च्या आणि मागे सतरंज्या, ही सभांची रीत आपण सगळेच पाहतो आणि विसरतो. मामांना तिचंच कुतूहल. आपल्याला कोण उठवतो आणि काय बोलून उठवतो, हे पाहायला ते पदरचं गाडीभाडं खर्चून जात. मनात एक आशाही होती, ती त्यांनी फक्त मामीला सांगितली होती: एक तरी सभा आपल्याला शेवटपर्यंत खुर्चीवर बसू देईल.

अकोल्यात सरकारची पदवी मिरवणाऱ्या शेटजींच्या दरबारी सभेत चपराशानं दंड धरून त्यांना सरळ उभं केलं. मामा खूश! "सफा काम. त्यायच्या मनात होतं तेच हातात होतं." अमरावतीच्या खादीवाल्या सभेत एका वकीलसाहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "आपण लांबून आलात, मागे पाय पसरून निवांत ऐका." घरी आल्यावर मामा तो नमस्कार मामीला, मला आणि बैलांनाही करून दाखवत. "इतक्या गोडीनं उठवलं का मले वाटलं, मीच उठलो!" पुढं वर्षभर ते खादी नेसले, कारण भाषण त्यांना खरोखर पटलं होतं. मग शेतकऱ्यांच्या, आपल्या माणसांच्या सभेची वार्ता आली. मामांनी नवा रुमाल काढला. तिथं एक तरुण धावत आला. "काका, सरका ना जरा मांगं. पाटीलसाहेब आले. आपलेच हायेत!" आणि लाल बावट्याच्या सभेत, कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या आवारात, एकही खुर्ची नव्हती. मामांना भरून आलं. तेवढ्यात मुंबईहून पुढारी आले आणि कोणीतरी चहाच्या दुकानातून त्यांच्यासाठी खुर्ची उचलून आणली. "एकच होती," मामा म्हणाले, "पन होती."

आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. मी. हे मी सांगतोच, कारण दुसरं कोणी सांगत नाही. कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होतो तेव्हा सुट्टीत आलो की मी मामांशी हिरीरीनं भांडत असे. खुर्चीवरून पक्षाची परीक्षा कसली करता? तत्त्वं पाहा, जाहीरनामे वाचा. मामा मोटेवरून ओरडत, "तत्त्वं सांग ना बाप्पा, म्या कावून नाई म्हनलं? मले इतकंच पाहाचं हाये, का तू ते सांगशीन तवा मी कुठी बसलो राहीन!" मामी म्हणे, "दोघंबी बसा आता ताटावर. तिथून कोनी उठवत नाई."

मी पास झालो तेव्हा अचलपूरच्या मळेवाल्यांनी माझा सत्कार ठरवला. शाळेतून खुर्च्या मागून आणल्या. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मी स्वतः पुसून मामांसाठी राखली. मामा आले आणि थेट मागे जाऊन सतरंजीवर बसले. हार घातलेल्या अवस्थेत मी मंचावरून खाली उतरलो.

"मामा, चला पुढं. पाहू तुम्हाला कोण उठवतो ते!"

"नोको."

"अहो, ही आपली सभा आहे."

"म्हनूनच नोको." मामा खालच्या आवाजात म्हणाले, "बाकी ठिकानी उठवलं तं मी घरी येऊन हासतो. इथं उठवलं तं कोनाच्या घरी जाऊन हासू?"

जगातल्या प्रत्येक सभेची चौकशी करणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट जाणून घ्यायची नव्हती. मी परत मंचावर गेलो. माझं अर्धं भाषण झालं असेल, तोच मांडवाचा खर्च देणारे जिनवाले शेट आले. आमचा स्वयंसेवक धावला. पहिल्या रांगेवरून त्याची नजर फिरली आणि एका म्हाताऱ्या मळेवाल्यावर थांबली. त्यानं हातही पुढे केला. मग त्याला मामांची रिकामी खुर्ची दिसली. शेट तिथं बसले. म्हातारा जागच्या जागी राहिला. मागे सतरंजीवर मामा इतक्या जोरात टाळ्या वाजवू लागले की मला वाटलं, माझं वाक्य आवडलं.

सभा संपल्यावर त्यांनी माझा दंड पकडला. "पाह्यलं ना? एवढा मोठा मानूस आला, पन आपल्या सभेत कोनालेच उठवलं नाई!"

वाद घालण्यात मी कॉलेजात कोणाला ऐकत नसे. पण म्हटलं, "खरं आहे मामा. कोणालाच नाही."

त्यानंतर मामा दुसऱ्या कोणत्याही सभेला गेले नाहीत. आठवडी बाजारात दुकान मांडून गिऱ्हाइकांना याच सभेची गोष्ट सांगत, दर वेळी तितक्याच नवलानं. मध्येच एखादा विचारी, "आन् तुमी कुठी बसले होते जी?" मग मामा मान खाली घालून वांग्यांवर पाणी शिंपडत बसत.