नस्सुनाचं परवलीचं वाक्य

नस्सुना आमच्या मसाका गावच्या रेडिओवरच्या मालिकेची लेखिका. बुटकी, अबोल, आणि डूख धरण्यात नागिणीला हरवणारी. मालिकेतली खाष्ट सासू मी होते, पण मनात आणलं असतं तर ती माझ्यावर ताण झाली असती.

ती कॉम्प्युटरवर साध्या एडिटरमध्ये लिहायची आणि फाइल कुलूपबंद ठेवायची. उघडायला गेलं की खाली ओळ यायची: परवलीचं वाक्य? टाइप केलेलं दिसायचं नाही, नुसत्या चांदण्या उमटायच्या. मात्र एकदा वाक्य दिलं की थोडा वेळ मशीन पुन्हा विचारत नसे. तिथेच ती फसली. फाइल बंद करून ती मटोके, म्हणजे उकडलेली केळी, खायला गेली, आणि आमचे साहेब मुगेर्वा यांनी ती बिनदिक्कत उघडून घेतली. पुढच्या शनिवारी रेडिओवर घोषणा झाली, 'लेखक मुगेर्वा'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नस्सुना रडली नाही. "न्याबो," ती मला म्हणाली (बाईला न्याबो, पुरुषाला सेबो, ही आमच्याकडची मानाची हाक), "शेवटचा भाग अजून माझ्या डोक्यात आहे." तो तिने लिहिला, वाक्य बदललं, मशीनने दर वेळी विचारावं अशी सोय केली आणि नोकरी सोडून घरी गेली. फाइल तिथेच ठेवली.

मालिकेत केळ्याच्या दारूत विष कुणी कालवलं, हे शेवटच्या भागात ऐकायला शनिवारी सगळं गाव रेडिओपाशी. मालिका थेट प्रसारणाची, आणि साहेबांपुढे चांदण्यांची ओळ. शेवटी त्यांनी आमच्यासमोरच तिला फोन लावला आणि टाइप करायला हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर ठेवला.

"न्याबो, तेवढं वाक्य सांगा ना."

"लिहा सेबो. 'नस्सुनाची कथा मी मुगेर्वाने चोरली.' एक शब्द इकडचा तिकडे नको."

सासऱ्याचं काम करणारा कग्वा म्हणाला, "सावकाश, साहेब. घाईत चुकतं."

साहेबांनी टाइप केलं. फाइल उघडेना. पुन्हा केलं. नाहीच.

"सेबो," फोनमधून आवाज आला, "'चोरली'च्या जागी काय लिहिताय?"

साहेब खाली बघत पुटपुटले, "घेतली."

"मशीनला ते चालत नाही. मलाही नाही."

मग त्यांनी एकेक अक्षर दाबलं. आम्ही सगळे बोटांकडे बघत होतो. फाइल उघडली. कागद हातात आले तशी मी माइकपाशी गेले आणि सासूच्याच आवाजात म्हणाले, "लेखिका, नस्सुना."

सोमवारी साहेबांनी मला कामावरून काढलं. काढा! मिळालं ते पगाराहून मोठं होतं.

नस्सुना आता घरी, स्वतःच्या मशीनवर लिहिते. रोज सकाळी फाइल उघडताना तेच वाक्य टाइप करते. मी म्हटलं, "अगं, आता तरी बदल."

"कशाला, न्याबो?" ती म्हणाली. "चहाआधी एकदा लिहिलं की दिवस बरा जातो."